दोन माणसं, 130 लिटरची डिकी: छोट्या कन्व्हर्टिबलमधून लांबच्या प्रवासाला निघताना

छोटी कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडता येणारी गाडी, घेतली हे कळलं की अभिनंदनाच्या पाठोपाठ प्रश्न येतोच, "अरे, पण सामान कुठे ठेवणार?" प्रश्न रास्त आहे. माझदा एमएक्स-5 ची 2015 पासून विकली जाणारी पिढी घ्या. तिची डिकी 130 लिटरची, तर भारतातल्या नव्या स्विफ्टची 265 लिटरची. म्हणजे जेमतेम निम्मी. त्यात मागची सीट नाही, टपावर कॅरिअर नाही, स्टेपनीसुद्धा नाही. तरीही या गाडीतून दोघं जण आठवडा-दहा दिवस आरामात फिरू शकतात. त्यासाठी नीट मोजमाप लागतं आणि काय कधी हाताशी लागेल याचा आधी विचार लागतो.

या लेखात मी उदाहरण म्हणून हीच गाडी आणि स्कॉटलंडमधला नॉर्थ कोस्ट 500 हा रस्ता धरला आहे. एमएक्स-5 भारतात विकली जात नाही, पण ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला ती सेकंडहॅण्ड सहज मिळते. दोन सीटच्या स्पोर्ट्स गाड्यांत जगात सर्वांत जास्त खपलेली हीच. एप्रिल 2016 मध्ये तिची दहा लाखावी गाडी तयार झाली. रस्ता इन्व्हर्नेसहून निघतो, उत्तर किनाऱ्याला वळसा घालतो आणि पुन्हा इन्व्हर्नेसला येतो. अंतर 516 मैल, म्हणजे सुमारे 830 किलोमीटर. मुक्काम जवळजवळ रोज बदलतो, एकाच दिवसात ऊन, पाऊस आणि बोचरा वारा भेटतो, दुकानं लांब लांब आहेत. तुमची गाडी वेगळी असेल, रस्ता वेगळा असेल, तरी इथे जमलेलं सामान कुठेही जमेल.

सगळ्यात आधी: छत उघडता आलं पाहिजे

बाकीचे सगळे नियम या एका गोष्टीवर बेतलेले आहेत. आपण ही गाडी छत उघडून फिरायला घेतली. सामान असं ठेवलं की छत उघडण्याआधी गाडी थांबवून पिशव्या हलवाव्या लागतात, तर दुसऱ्या दिवसापासून छत बंदच राहतं. ऊन दहा मिनिटांसाठी पडतं, तेवढ्यासाठी कोण उतरून उचकापाचक करणार? म्हणून सामान भरताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: ही इथे असताना बसल्या जागेवरून छत उघडता-मिटता येईल का?

याचं उत्तर गाडीप्रमाणे बदलतं, आणि नवख्या माणसाने ते आधी समजून घ्यावं. एमएक्स-5 चं कापडी छत सीटच्या मागच्या खोलगट जागेत घडी होऊन बसतं. त्यामुळे छत उघडं असो की बंद, डिकी तेवढीच राहते. मिनी कन्व्हर्टिबलमध्ये तसं नाही. 2016 पासूनच्या मिनीची डिकी छत बंद असताना 215 लिटर आणि उघडं असताना 160 लिटर. ज्यांचं पत्र्याचं छत दुमडून डिकीत जातं त्या गाड्यांत फरक आणखी मोठा असतो. मर्सिडीजची 2011 नंतरची एसएलके बंद छताला 335 लिटर देते, उघड्याला 225. बीएमडब्ल्यूची 2009 ची झेड-4 310 वरून थेट 180 वर येते. अशा गाड्यांच्या डिकीत एक सरकता पडदा किंवा फळी असते. ती खाली ओढून अडकवली नाही तर छत उघडतच नाही, आणि तिच्या वर सामान गेलं तर पत्र्याखाली चिरडतं. या गाड्यांसाठी मोठा आकडा डोक्यातून काढून टाका. छोटा आकडा हीच तुमची डिकी.

एमएक्स-5 वाल्यांनीही एक पथ्य पाळायचं. सीटच्या मागे छताची घडी बसते तो खळगा रिकामा दिसतो आणि तिथे जॅकेट टाकायचा मोह होतो. टाकू नका. छत घाईत मागे ढकललं की मधे आलेली वस्तू कापडाला किंवा मागच्या काचेला इजा करते. 1989 च्या पहिल्या पिढीच्या गाडीला मागे काचेऐवजी प्लॅस्टिकची खिडकी असते. ती चेन उघडून सपाट पाडल्याशिवाय छत उघडू नये, आणि कडाक्याच्या थंडीत तर त्या प्लॅस्टिकला चिरा पडतात.

पायरी 1: डिकी मोजा

कंपनी देते तो लिटरचा आकडा साधारणपणे 20 बाय 10 बाय 5 सेंटिमीटरचे, एकेका लिटरचे ठोकळे रचून काढलेला असतो. ठोकळे कोनाकोपऱ्यात जातात, सूटकेस जात नाही. म्हणून 130 लिटरच्या डिकीत 130 लिटरच्या बॅगा मावत नाहीत. कडक बॅगा घेतल्या तर बरीच जागा कडेकोपऱ्यांत वाया जाते.

मोजपट्टी घेऊन तीन मापं घ्या. पहिलं, डिकीच्या तोंडाचं: रुंदी आणि लांबी. छोट्या गाडीत आत जागा असते पण तोंड अरुंद असतं, आणि बॅग आत मावेल तरी दारातून जाणार नाही असं होतं. दुसरं, तळाची खोली, झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत. झाकणाच्या बिजागऱ्या आत कुठे उतरतात तेही पाहा. तिथे ठेवलेली वस्तू झाकण लावताना दबते. तिसरं, दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांचं. चाकांच्या कमानीमागे आणि पुढे छोटे खळगे असतात. तेच पुढे फार उपयोगी पडणार आहेत.

शक्य असेल तर जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून बॅगेच्या मापाचं खोकं बनवून आत घालून पाहा. दुकानात बॅग विकत घेण्याआधी पाच मिनिटांत उत्तर मिळतं. एमएक्स-5 मध्ये विमानाच्या केबिनमध्ये नेतात तशा मध्यम दोन बॅगा जातात, पण मग दुसरं फारसं काही जात नाही.

डिकीत आधीच काय आहे तेही बाहेर काढून पाहा. गाडी धुवायची फडकी, अर्धी बाटली इंजिन ऑइल, जुनी छत्री, सुपरमार्केटच्या पिशव्या. राहतील त्या वस्तू फक्त गाडीच्या: पंक्चर किट, चाकाच्या नटाची चावी, टो करायचा हुक, धोक्याचा त्रिकोण.

पंक्चर किटवर जरा थांबतो. स्टेपनी नसल्यामुळे तुमच्याजवळ टायरमध्ये भरायचा द्रव आणि हवेचा छोटा पंप एवढंच असतं. त्या द्रवाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, ती निघायच्या आधी वाचा. टायरची बाजू फाटली तर हा द्रव कामाचा नाही, तेव्हा ब्रेकडाउन सेवेचं कव्हर घेतलेलं असावं आणि त्यांचा नंबर कागदावर असावा, कारण हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, मोबाइलला रेंज नसलेले लांबच लांब पट्टे आहेत. आणि किट सामानाच्या तळाशी गाडू नका. पावसात, अरुंद रस्त्याच्या कडेला, सगळ्या बॅगा चिखलात उतरवून किट शोधण्याची वेळ कुणावरही येऊ नये.

पायरी 2: बॅग मऊ हवी

चाकांची कडक सूटकेस या गाडीसाठी नाही. चाकं, दांडा आणि कवच यांतच कितीतरी जागा जाते. कापडी डफल बॅग घ्या. एक मोठी घेण्यापेक्षा लहान लहान तीन-चार घ्या. आपल्या घरात पूर्वी कपड्यांचं बोचकं बांधत, ते मिळेल त्या कोपऱ्यात बसायचं. तोच गुण इथे हवा. 25-30 लिटरची एकेक डफल दोघांना, आणि त्याशिवाय दोन-तीन छोट्या पिशव्या.

तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशव्या मिळतात, होडीवाले वापरतात त्या. मला त्या सगळ्यात आवडतात. भरून, गुडघ्याने दाबून हवा काढली आणि तोंड गुंडाळलं की गोष्ट निम्म्यावर येते, आणि ओल्या डिकीतही आतलं कोरडं राहतं. व्हॅक्यूमने हवा ओढायच्या प्लॅस्टिक पिशव्या मात्र टाळा. त्यातले कपडे पाटासारखे ताठ होतात आणि कोपऱ्यात बसत नाहीत. शिवाय परतताना हवा ओढायला व्हॅक्यूम क्लीनर कुठून आणणार?

पायरी 3: काय घ्यायचं

कपड्यांची यादी दिवस मोजून करू नका. हवामानाचे थर मोजा. अंगालगतचा थर, उबेचा थर, वारा-पाऊस अडवणारा थर. जूनमध्येही उत्तर स्कॉटलंडला उघड्या गाडीत संध्याकाळी हुडहुडी भरते. तिथे त्या दिवसांत रात्री दहानंतरही उजेड असतो, त्यामुळे छत उघडं ठेवून फिरायचा वेळ भरपूर मिळतो आणि उबेच्या कपड्यांची गरज त्या प्रमाणात वाढते.

अंगालगत मेरिनो लोकरीचे टी-शर्ट सर्वांत बरे. दोन-तीन दिवस वास येत नाही, बेसिनमध्ये धुऊन टॉवेलमध्ये पिळले तर पातळ टी-शर्ट सकाळपर्यंत बहुतेक वाळतात. प्रत्येकी तीन पुरतात. उबेसाठी पिसांचं किंवा तत्सम भरणाचं हलकं जॅकेट, जे दाबून आंब्याएवढं होतं. वर पावसाचं जॅकेट. जीन्स एकच, आणि ती अंगावर. जीन्स जड, फुगीर आणि भिजली तर दोन दिवस न वाळणारी. दुसरी पॅन्ट पातळ, लवकर वाळणारी असावी.

कपडे घडी घालण्याऐवजी वळकटी करून ठेवा. वळकटी कोपऱ्यात जाते, सुरकुत्या कमी पडतात, आणि बॅग उघडली की सगळ्या वळकट्या एका नजरेत दिसतात. माझी बायको एका दिवसाचे सगळे कपडे एकाच वळकटीत बांधते. सकाळी एक उचलली की काम झालं.

चपला-बूट हा खरा जागाखाऊ प्रकार. एक जोड पायात, एक हलका जोड डिकीत. चालायला जाणार असाल तर ट्रेकिंगचे बूट लागतात, पण ते जोडीने ठेवू नका. एक डावीकडच्या कोनाड्यात, दुसरा उजवीकडच्या. बुटाच्या आत मोजे, चार्जर, दाढीचं सामान. गाडी चालवताना जाड तळव्याचे बूट घालू नका. या गाड्यांचे पेडल जवळ जवळ असतात.

बाकीचं थोडक्यात. टॉयलेटरी छोट्या बाटल्यांत, दोघांत एकच पेस्ट, एकच शाम्पू. टॉवेल एकच पातळ, कारण बी अँड बी मध्ये (बेड अँड ब्रेकफास्ट, म्हणजे नाश्त्यासह घरगुती मुक्काम) टॉवेल मिळतो. चार्जर एक, दोन-तीन वायरींसह. पुस्तकं फोनवर. उन्हाचं क्रीम विसरू नका. उघड्या गाडीत वारा गार लागतो म्हणून ऊन जाणवत नाही, आणि संध्याकाळी कपाळ, कान, हातांचे पंजे भाजलेले निघतात. टोपी अशी, जी वाऱ्याने उडणार नाही. लांब केस असणाऱ्यांनी स्कार्फ घ्यावा.

आणि मिजेस. पश्चिम स्कॉटलंडचे हे चिलटांहून बारीक, चावणारे किडे उन्हाळ्यात, वारा पडलेला असताना, सकाळ-संध्याकाळ झुंडीने येतात. गाडी चालू असेल तोवर काही नाही. देखावा पाहायला थांबलात की उघड्या गाडीत आत येतात. तोंडावर घ्यायची जाळीची टोपी मुठीत मावते आणि किड्यांचं मलम खिशात मावतं. ही दोन्ही डिकीत नकोत, हाताशी हवीत.

पायरी 4: खाण्याचं

आपण मराठी माणसं निघताना डबा घेतोच, आणि घ्यावाच. फक्त पहिल्या दोन दिवसांपुरता. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, थोडा गूळ. यातलं काही सांडत नाही, तुपातेलाने कपडे माखत नाहीत. लोणच्याची काचेची बरणी घरीच ठेवा. घ्यायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत, दुहेरी पिशवीत. या गाडीत कपडे आणि खाणं यांच्यात एका कापडाचं अंतर असतं.

डबे चौकोनी घ्या. गोल डब्यांमध्ये जागा वाया जाते आणि वळणावर ते घरंगळतात. स्टीलचा डबा स्टीलच्या डब्याला लागला की 830 किलोमीटर खडखडाट ऐकावा लागतो, म्हणून मधे रुमाल. चहाचा थर्मास अर्ध्या लिटरचा. या गाडीच्या कपहोल्डरमध्ये लहान बाटली बसते, मोठी बसत नाही.

पोह्याचे, उपम्याचे तयार पॅकेट चार-पाच घ्या. बहुतेक बी अँड बी च्या खोलीत किटली असते. उत्तरेच्या छोट्या गावांत दुकानं लवकर बंद होतात, रविवारी काही उघडतच नाहीत, आणि शाकाहारी असाल तर रात्री आठनंतर हे पॅकेट फार मोलाचं वाटतं.

पायरी 5: डिकी भरण्याचा क्रम

इथे घाई करू नका. सगळं सामान आधी जमिनीवर मांडा आणि दोन ढीग करा. एक, रोज रात्री खोलीत जाणारं. दुसरं, रोज न उतरणारं. मुक्काम रोज बदलत असेल तर हीच विभागणी सगळ्यात जास्त कामाची.

रोज न उतरणाऱ्यात येतात पुढच्या दिवसांचे कपडे, ट्रेकिंगचं सामान, खाण्याचा साठा. रोज उतरणाऱ्यात एकच पिशवी, दोघांत मिळून: एका रात्रीचे कपडे, टॉयलेटरी, औषधं, चार्जर. हिला आम्ही घरात रात्रीची पिशवी म्हणतो. मुक्कामावर पोचलं की ही एकच उचलायची, पाऊस पडत असला तरी एका फेरीत आत. सकाळी तिच्यातले मळके कपडे मळक्यांच्या पिशवीत, पुढच्या दिवसाची वळकटी तिच्यात. दोन मिनिटांचं काम.

आता भरायला लागा.

1. कोनाडे आधी. बूट, मोज्यांच्या वळकट्या, पावसाच्या पॅन्ट, मऊ आणि विचित्र आकाराचं सगळं बाजूच्या खळग्यांत कोंबा.

2. जड वस्तू तळाला आणि सीटच्या बाजूला. एमएक्स-5 चं वजन टनाच्या आसपास आहे. अशा हलक्या गाडीच्या अगदी शेपटाकडे वजन गेलं तर वळणावर ते जाणवतं. पाणी, खाण्याचा साठा, कॅमेऱ्याच्या लेन्स पुढे सरकवा.

3. त्यावर रोज न उतरणाऱ्या डफल. शेवटी रिकाम्या फटींत मळक्या कपड्यांची पिशवी. ती सुरुवातीला रिकामी असते आणि रोज फुगत जाते, तेवढीच दुसरी बॅग रोज सपाट होत जाते.

4. सगळ्यात वर, तोंडाशी, रात्रीची पिशवी. तिच्या शेजारी पावसाची जॅकेट आणि पंक्चर किट.

झाकण हळूच लावून पाहा. दाबून बंद करावं लागत असेल तर काहीतरी काढा. कडी लागली असं वाटतं, पण आत अडकलेल्या पट्ट्यामुळे रबराची कड नीट बसत नाही आणि पाणी आत येतं.

डिकीच्या तळाला हात लावून बघण्याची सवय करा. सायलेन्सर खालीच असतो, त्यामुळे लांब पल्ल्यानंतर त्या बाजूचा तळ कोमट होतो. औषधं, चॉकलेट, चीज तिथे नको. याच रस्त्यावर, उत्तर किनाऱ्यावरच्या डर्नेस गावाजवळ, बालनाकीलला जुन्या लष्करी इमारतींत कलाकारांची वसाहत आहे आणि तिथे चॉकलेट बनवून मिळतं. ते घेतलंत तर डिकीत न ठेवता पायाशी सावलीत ठेवा, किंवा खाऊनच निघा.

पायरी 6: बसायची जागा

चालकाच्या पायाशी काहीही नाही. बाटलीसुद्धा नाही. ती घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली गेली तर पेडल दाबलंच जात नाही. याला अपवाद नाही.

शेजारच्याच्या पायाशी एक मऊ, चपटी पिशवी चालेल. मांडीवर जड कॅमेरा नको, समोर एअरबॅग आहे. छत उघडं असताना कागद, नकाशे, पावत्या, रिकाम्या पिशव्या सगळं उडतं, म्हणून प्रत्येक सुट्या वस्तूला चेनचा खिसा हवा. या पिढीच्या एमएक्स-5 मध्ये डॅशबोर्डला ग्लोव्ह बॉक्स नाही. त्याऐवजी दोन सीटच्या मधे, मागच्या बाजूला एक कप्पा आहे. लायसन्स, विम्याचे कागद, सुटे पैसे तिथे. सीटच्या पाठीमागेही छोटे कप्पे आहेत, पण सीट पुढे वाकवल्याशिवाय तिथे हात जात नाही. तिथे क्वचित लागणारं ठेवा: प्रथमोपचाराची पेटी, गाडीचं मॅन्युअल, टॉर्च.

सीट आणि मागची भिंत यांच्यामध्ये थोडी फट राहते. उंच माणसाची सीट मागे जाते, मग ती फट नाहीशी होते. बुटका असेल त्याच्या बाजूला पातळ ब्लँकेट जाईल. ब्लँकेट घ्याच. हीटर पायांवर, ब्लँकेट शेजारच्याच्या मांडीवर, आणि छत उघडं. दहा अंशांतही सुखाने जाता येतं.

एकट्याने निघणाऱ्याला शेजारची सीट मोकळी मिळते. बॅग तिथे ठेवा, पण सीट बेल्टमध्ये अडकवून. बेल्ट न लावता बॅग ठेवली तर गाडी टुंटुं वाजत राहते, आणि अचानक ब्रेक लागला तर बॅग पुढे आपटते. बॅगेचा वरचा भाग खिडकीच्या कडेखाली राहिला पाहिजे, नाहीतर वारा तिला फडफडवत राहतो.

चोरीचं सांगतो. कापडी छत चाकूने कापता येतं, आणि दुरुस्तीचा खर्च आतल्या वस्तूहून कितीतरी जास्त येतो. म्हणून गाडी सोडताना आत दिसेल असं काहीही ठेवू नका, जुनी पिशवीसुद्धा नाही. डिकीत हलवायचं असेल तर थांबायच्या आधीच्या ठिकाणी हलवा. वाहनतळावर पोचून सगळ्यांसमोर कॅमेरा डिकीत ठेवणं म्हणजे तो कुठे आहे ते दाखवणं.

डिकीवर रॅक लावावा का?

झाकणावर बसणारे रॅक आणि पट्ट्यांनी आवळायच्या जलरोधक बॅगा मिळतात. लांबच्या मोहिमांना लोक वापरतात आणि त्यांचं बरं चालतं. पहिल्या प्रवासाला मात्र नको, असं माझं मत आहे. झाकणावर किती वजन चालतं याला मर्यादा असते. तिसरा ब्रेक दिवा झाकणावरच असतो, तो झाकला जाता कामा नये. पट्ट्याखाली धूळ गेली की रंगावर ओरखडे उठतात. गाडी कुठेही सोडली की बॅग उघड्यावर. आणि मुख्य म्हणजे जास्त जागा मिळाली की जास्त सामान येतं.

पायरी 7: पाऊस आणि अरुंद रस्ते

वेगात असताना हलकी रिमझिम काचेवरून वाहून डोक्यावरून मागे जाते, आत थेंब येत नाही. पण नॉर्थ कोस्ट 500 च्या पश्चिम आणि उत्तर भागात बराच रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे, ठरावीक अंतरावर समोरच्याला जागा द्यायच्या बगला. तिथे वेग कमी, सारखं थांबणं, त्यामुळे ही युक्ती चालत नाही. अ‍ॅपलक्रॉसला जाताना बिअलाख ना बा ही खिंड लागते, 626 मीटर उंचीची, घाटासारखी वळणं आणि माथ्यावर अचानक येणारं धुकं. तिथे छत एका हाताने, बसल्या जागेवरून पटकन ओढता आलं पाहिजे. पहिल्या नियमाचं महत्त्व अशा ठिकाणी कळतं. याच गाडीची पत्र्याच्या छताची आरएफ आवृत्ती असेल तर छत विजेवर 13 सेकंदांत मिटतं, पण वेग ताशी 10 किलोमीटरच्या आत हवा. त्या बगलेत वळवा आणि मिटवा. मात्र फोटोसाठी त्या बगला अडवून उभे राहू नका, त्या स्थानिकांच्या रोजच्या रस्त्याचा भाग आहेत.

निघायच्या आधी छताच्या पाण्याचे निचरे साफ करा. कापडावरून उतरलेलं पाणी बारीक नळ्यांतून खाली जातं. त्यात पालापाचोळा अडकला तर पाणी सीटच्या मागे साचतं आणि गालिचा कुजतो. जुन्या गाड्यांत डिकीतही पाणी येतं, तेव्हा जलरोधक पिशव्यांचा खर्च वसूल होतो. एक मोठं शोषून घेणारं फडकं दाराच्या कप्प्यात ठेवा; रात्रभर पाऊस झाला की छत उघडण्याआधी वरचं पाणी पुसायचं, नाहीतर ते सगळं सीटवर येतं. ओलं कापडी छत घडी करून तासन्‌तास तसंच ठेवू नका. बुरशी धरते.

पायरी 8: आठवडाभर आधी रंगीत तालीम

सगळं भरून तासाभराची चक्कर मारा. छत दोनदा उघडा, दोनदा मिटा. खडखडाट कुठून येतो ते ऐका. मग डोळे मिटून सांगा: औषधं कुठे, पावसाचं जॅकेट कुठे, किट कुठे. ज्या वस्तूची जागा सांगता येत नाही तिची जागा बदला. टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, गार टायरमध्ये भरा. दोन माणसं आणि सामान मिळून मॅन्युअलमधल्या वजनाच्या आत आहात ना, तेही बघा. छोट्या गाडीत ही मर्यादा वाटते त्याहून लवकर गाठली जाते.

आणि तालमीच्या वेळी डिकी भरलेली असेल तर आणखी काढा. परतीला व्हिस्कीची बाटली येईल, मातीचं भांडं येईल, कुणासाठी तरी लोकरी शाल येईल. जास्त झालं तर मळक्या कपड्यांचं पार्सल करून वाटेतल्या पोस्टातून घरी पाठवता येतं. उत्तरेतल्या अनेक गावांत किराणा दुकानातच पोस्टाची खिडकी असते.

महाराष्ट्रात, गोव्यात फिरणाऱ्यांसाठी

मुंबई किंवा पुण्याहून मिनी कन्व्हर्टिबल घेऊन कोकणात उतरणाऱ्यांना वरचं बहुतेक सगळं लागू आहे, फक्त थंडीच्या जागी ऊन घाला. मे महिन्यात बंद गाडीची डिकी भट्टी होते. पॉवर बँक, परफ्यूमचे स्प्रे, चॉकलेट, काही औषधं उन्हात उभ्या गाडीत राहू देऊ नका. पिसांच्या जॅकेटची जागा पाण्याच्या बाटल्यांना द्या. धुळीमुळे प्रत्येक बॅगेला चेन हवी. दुपारी बारा ते चार छत बंद, एसी चालू; सकाळी सहा ते नऊ छत उघडं. 2016 पासूनच्या मिनीचं छत ताशी 30 किलोमीटरपर्यंतच्या वेगात 18 सेकंदांत उघडतं, तेवढा वेळ घाटात सुरक्षित जागी मिळाला पाहिजे.

मिनीला मागे दोन छोट्या सीट आहेत. दोघंच असाल तर त्या सामानाला मोठा आधार आहेत, पण बॅगा सीटच्या पाठीपेक्षा उंच रचू नका आणि मागच्या बेल्टने आवळा. आंब्याची पेटी याच सीटवर, बेल्ट लावून, उघड्या छताने आणा. डिकीत कोंडलेला हापूस पनवेलपर्यंत गरमीने मऊ पडतो.